सासूबाईंनी वाटलेली मिरी

माझ्या सासूबाई कुणाला काही दिलं की ते विसरत नाहीत. घेतलेलं विसरतात, तो भाग वेगळा. पण वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना कधीकाळी दिलेली चादर त्यांच्या गॅलरीत वाळत पडलेली दिसली, की त्या मला बोलावून दाखवतात आणि समाधानाने म्हणतात, "वापरतायत हो."

तर अशा बाईच्या हातात त्यांच्या भावाने एक भलामोठा डबा आणून दिला.

हा भाऊ म्हणजे माझ्या नवऱ्याचा मामा. पेठेच्या कोपऱ्यावर त्यांचं मसाल्यांचं दुकान आहे. दुकानात शिरलं की आधी शिंक येते, मग मामा दिसतात. वय झालं, टक्कल पडलं, तरी सासूबाई त्यांना 'छोट्या' म्हणतात आणि ते ऐकून घेतात. डब्यात काळी मिरी होती. परदेशातून जहाजाने आलेली, टपोरी, काळीभोर, एकसारखी. सासूबाईंनी झाकण उघडलं आणि बाहेरच्या खोलीत पेपर वाचणारे माझे सासरे शिंकले.

"आपल्या इकडे असा माल येतच नाही," मामा म्हणाले. "ताई, हे नुसतं वरून घालायचं. शिजवलंस की वास मेला."

झालं. सासूबाईंनी घरातल्या सगळ्या रिकाम्या काचेच्या बाटल्या धुऊन वाळवल्या, त्यांत मिरी भरली, झाकणावर चिकटपट्टी लावली, गळ्याला लाल फीत बांधली आणि वाटायला निघाल्या. मास्तरांना एक, शिंपीणबाईंना एक, दातांच्या डॉक्टरांना एक, केस कापणाऱ्या मुलीला एक. प्रत्येकाला बाटलीबरोबर मामांचं वाक्य फुकट. "शिजवायची नाही हं. वरून घालायची." आमच्या घरात मात्र जुनीच मिरी, अर्धी भुसा झालेली, चालू राहिली. चांगलं लोकांना द्यायचं आणि घरी जुनं संपवायचं, हा त्यांचा नियम. त्या नियमाने आम्हाला वाचवलं, पण ते नंतर कळलं.

मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, जंतूंच्या विभागात. घरात ह्या नोकरीला फारसा मान नाही. "दिवसभर बशीत जंतू वाढवते आणि घरी येऊन आम्हाला हात धुवायला लावते," असं सासूबाई लोकांना माझी ओळख करून देताना सांगतात. तरी मी बोलून पाहिलं.

"आई, ही मिरी कुठे वाळवली, कुठे पडून होती, गरम वाफ दिली होती का, आपल्याला काही माहीत नाही. निदान शिजवताना घाला, असं सांगा लोकांना."

"मिऱ्याने सर्दी पळते. तिथे जंतू काय राहणार?"

"हे जंतू सर्दीचे नसतात."

"मग कशाचे असतात?"

"पोटाचे."

"पोटालाही मिरं चांगलंच असतं," त्या म्हणाल्या आणि फीत कापू लागल्या.

सगळ्यात मोठी बाटली, सगळ्यात रुंद फितीची, मोठ्या काकूंसाठी होती. मोठ्या काकू म्हणजे सासूबाईंच्या थोरल्या जाऊ. उंच, शांत, मोजकं बोलणाऱ्या. ह्या दोघी जावांचं आजवर कधी भांडण झालेलं नाही आणि तीच खरी अडचण होती. भांडण झालं असतं तर कधीतरी मिटलंही असतं. त्याऐवजी इतकी वर्षं नुसती चढाओढ. काकूंनी पडदे बदलले की आमचे पडदे जुने दिसायला लागायचे. आमच्याकडे नवा ओव्हन आला की काकू सांगायच्या, "मला बाई शेगडीवरच बरं जमतं." परदेशी मिरी म्हणजे सासूबाईंना जावेच्या डोक्यावर मिरी वाटायची आयती संधी होती, आणि त्यांनी ती अक्षरशः साधली. काकूंनी बाटली हातात घेतली, उजेडात धरून पाहिली, "छान आहे," म्हणाल्या आणि कपाटात ठेवून दिली. झाकण उघडून वाससुद्धा घेतला नाही. सासूबाई घरी आल्यावर दोनदा म्हणाल्या, "वाससुद्धा घेतला नाही."

पुढच्याच रविवारी मोठ्या काकांचा वाढदिवस होता. काकूंनी घरच्या मंडळींना आणि काकांच्या जुन्या साहेबांना, त्यांच्या बायकोसह, जेवायला बोलावलं होतं. माझी त्या दिवशी प्रयोगशाळेत ड्युटी होती, म्हणून मी गेले नाही. नवरा, सासू, सासरे गेले. छान जेवून आले. नवऱ्याने तर बटाट्या-अंड्यांच्या थंड सॅलडचं इतकं कौतुक केलं की सासूबाई गप्प बसल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नवरा आडवा. ताप, पोटात मुरडा, न्हाणीघरापर्यंतचा रस्ता पाठ. फोन केला तर मोठे काकाही आडवे. त्यांची मुलगी, म्हणजे माझी चुलत नणंद, तीही आडवी. काकूही अंथरुणातूनच बोलत होत्या. साहेबांना तर दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं. आमच्याकडे सासरे मधुमेहामुळे बटाटा खात नाहीत, म्हणून ते ठणठणीत. आणि सासूबाई दुसऱ्याच्या घरचं थंड काही खात नाहीत, म्हणून त्याही.

मला वाईट वाटलं ते त्यानंतरच्या दिवसांचं. सासूबाईंनी मुलाची सेवा मन लावून केली, पण सूप भरवताना प्रत्येक चमच्यामागे एक वाक्य. "मला शंका होतीच. वहिनींच्या फ्रिजला वास येतो. अंडी कधीची होती कोण जाणे." काकू जरा उठून बसल्यावर तर सासूबाई रबरी हातमोजे आणि फिनेल घेऊन त्यांच्या घरी गेल्या. मदत करायला म्हणून. त्यांनी काकूंचा फ्रिज रिकामा केला, बरण्या उलट्या केल्या, निम्मं सामान फेकून दिलं, आणि काकू जेवणाच्या टेबलाशी शाल पांघरून बसून ते पाहत राहिल्या. सासूबाई घरी आल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा तजेलदार दिसत होता, की जणू चार दिवस हवापालट करून आल्या आहेत.

नवऱ्याचा तपासणीचा कागद आला. साल्मोनेला. म्हणजे जो जंतू मी रोज बशीत पाहते तोच माझ्या नवऱ्याच्या पोटात मुक्कामाला होता. "अंडी," डॉक्टर म्हणाले. "अंडी," सासूबाई म्हणाल्या. मीही अंडीच म्हणाले असते, पण जिन्यात मास्तर भेटले. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. चेहरा पार उतरलेला.

"काय झालं मास्तर?"

"पोट. आठवडा झाला. माझं खाणं तर तुला माहीत आहे. सकाळी एक उकडलेलं अंडं, त्यावर मीठ आणि तुझ्या सासूबाईंची मिरपूड. बाहेरचं मी शिवत नाही."

मास्तर वाढदिवसाला नव्हते. काकूंच्या स्वयंपाकघराशी त्यांचा काही संबंध नव्हता. मी तशीच शिंपीणबाईंकडे गेले. दुकान बंद आणि शेजारी म्हणाले, "घरात दोघंही पोटाने आजारी."

वाटलेल्या मिऱ्यांचा नमुना मी स्वतःच तपासायला घेणं नियमात बसत नव्हतं. मी आमच्या विभागप्रमुख बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नमुना दुकानातून यायला हवा. निरीक्षक आणतील. आणि तू त्याला हात लावायचा नाहीस. दुकान तुझ्या सासरचं आहे."

त्यामुळे दुसऱ्या दिवशी अन्न निरीक्षक मामांच्या दुकानात उभे राहिले. हे अर्धं मला मामांनीच नंतर फोनवर ऐकवलं, आणि अर्धं निरीक्षकांनी. निरीक्षक शांत, सौम्य गृहस्थ. त्यांनी पोत्यातून निर्जंतुक चमच्याने मिरी काढून पिशवीत घ्यायला सुरुवात केली. मामांना तो चमचाच लागला.

"माझ्या पोत्यात चमचा धुऊन घालता? माझ्या मालापेक्षा तुमचा चमचा स्वच्छ?"

"पद्धत आहे," निरीक्षक म्हणाले.

"तर मग ही आमची पद्धत बघा," असं म्हणून मामांनी पोत्यात हात घातला, मूठभर मिरी तोंडात टाकली आणि निरीक्षकांच्या डोळ्याला डोळा भिडवून चावू लागले. मूठभर मिरी म्हणजे काय, ते चावणाऱ्यालाच माहीत. त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या, कान लाल झाले, पण माघार नाही.

"अहो, खाऊ नका," निरीक्षक पाण्याचा पेला पुढे करत म्हणाले. "तपासणी व्हायची आहे अजून."

मामांनी पाणी नाकारलं. संध्याकाळी मला फोन केला. "सूनबाई, लोकांच्या घरी सुना कपबशा फोडतात. तू मामाच्या दुकानावर धाड आणलीस. असो. मी खाल्ली आहे. मला काय होतंय ते बघू."

काय झालं ते आम्ही पाहिलं. प्रयोगशाळेचा निकाल यायच्या आधीच मामांचा निकाल लागला. दुकान बंद, मामा अंथरुणात, मामी दाराशी. सासूबाई भावाला भेटायला गेल्या तर ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ताई, काही बोलू नकोस."

मग प्रयोगशाळेचाही निकाल आला. माझ्या सहकारिणीने बशी उजेडात धरून मला लांबूनच दाखवली. लालसर गुलाबी थरावर काळ्या ठिपक्यांच्या वसाहती. मिऱ्यातले जंतू वाढले की तेही मिऱ्यांसारखेच दिसतात, हा निसर्गाचा विनोद मला त्या दिवशी आवडला नाही. परदेशातल्या व्यापाऱ्याने माल वाफवून न घेता तसाच पाठवला होता, आणि तो उघड्यावर वाळताना त्यावर कोणकोण पाखरं बसून गेली होती, ते त्यांनाच ठाऊक. आयात करणाऱ्याला नोटीस गेली. सगळा माल परत मागवायचा हुकूम निघाला. मामांनी अंथरुणातून उठून, एका हाताने पोट धरून, दुकानाच्या दारावर स्वतःच सूचना चिकटवली. एवढं त्यांचं मानलं पाहिजे. अक्षर वाकडं होतं, पण मोठं होतं.

दुकानातून विकलेली मिरी अशी परत येणार होती. पण वाटलेली? तिची पावती नव्हती. ती कुणाकुणाच्या कपाटात होती ते एकाच माणसाला माहीत होतं.

मी घरी येऊन सासूबाईंना समोर बसवलं आणि सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग पहिला प्रश्न विचारला. "मिऱ्यात जिवंत राहतात? कोरड्या मिऱ्यात?"

"वाढत नाहीत. पण मरतही नाहीत. झोपून राहतात म्हणा ना. शिजवलं की मरतात. ओल्या, गार पदार्थावर घालून तो तसाच बाहेर ठेवला, की जागे होतात आणि भराभर वाढतात."

"वरून घातलं की," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"वरून घातलं की."

मला वाटलं, दिलेली वस्तू परत मागायची म्हणजे त्यांच्यावर आभाळ कोसळलं असणार. थोडं तसंही असेल. पण उठल्या, चप्पल घातली, मोठी पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "चल."

त्या दिवशी मला कळलं की उपकार लक्षात ठेवायची खोड किती उपयोगी असते. एकही घर त्या चुकल्या नाहीत. कुणाला कोणत्या आकाराची बाटली, कुणाच्या बाटलीला पिवळी फीत होती कारण लाल संपली, सगळं तोंडपाठ. आमच्या प्रयोगशाळेला जे एवढ्या संगणकांनी जमत नाही ते त्यांनी डोक्यात ठेवलं होतं.

घेणं मात्र देण्याइतकं सोपं नव्हतं. दातांच्या डॉक्टरांनी बाटली पुढे दुसऱ्या कुणाला भेट दिली होती, हे सांगताना त्यांची मान खाली गेली. सासूबाईंची नजर अशी होती की मला वाटलं आता ह्यांचा एखादा दात त्याच काढतील. पत्ता घेऊन आम्ही ती बाटलीही त्या घरून आणली. केस कापणाऱ्या मुलीने बाटली उघडलीच नव्हती, आरशासमोर शोभेला ठेवली होती, आणि ती परत द्यायला ती तयार होईना. "फीत किती सुंदर बांधली आहे, काकू." शेवटी फीत तिला ठेवून आम्ही बाटली आणली. शिंपीणबाई दारातच म्हणाल्या, "ब्लाउज बिघडला म्हणून रागावलात का? भेट परत घेताय?"

"त्यात जंतू आहेत," सासूबाई म्हणाल्या. त्यांना तो शब्द उच्चारताना किती कष्ट पडले ते मीच पाहिलं. "तुम्ही माझ्यामुळे आजारी पडलात. ब्लाउजही बिघडलाच होता, पण ते वेगळं."

मास्तरांनी काहीच तक्रार केली नाही. बाटली आणून दिली आणि म्हणाले, "चव मात्र अप्रतिम होती." सासूबाईंचे डोळे भरून आले. इतक्या घरांत तेवढा एकच चांगला शब्द मिळाला होता.

राहिल्या मोठ्या काकू. तिथे जायला सासूबाईंचे पाय उचलेनात. रस्त्यात त्या दोनदा थांबल्या, एकदा चपलेचा अंगठा नीट करायला आणि एकदा उगीच. मी आपली मनातून खूश होते. माझ्या दृष्टीने हिशेब सरळ होता: काकूंनी भेट मिळालेली मिरी सॅलडवर घातली, सगळे आजारी पडले, म्हणजे दोष अंड्यांचा नाही, फ्रिजचा नाही, काकूंच्या हाताचा नाही. त्यांच्यासाठी मी आनंदाची बातमी घेऊन चालले होते.

काकूंनी दार उघडलं तेव्हा मी त्यांच्या हातांकडेच बघत राहिले. बोटांची सालं निघालेली, लाल. घरभर क्लोरिनचा वास. ओट्यावर दोन पातेल्यांत पाणी उकळत होतं आणि त्यात ताटल्या बुडवून ठेवल्या होत्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "चहा देते. कप उकळलेले आहेत."

मी सगळं सांगितलं. काकू ऐकता ऐकता सरळ होऊन बसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर उजेड आला. "म्हणजे माझ्या अंड्यांमुळे नाही?"

"नाही काकू. मिरीमुळे. तेवढी बाटली द्या, मी घेऊन जाते."

त्या उठल्या आणि कपाटातून बाटली घेऊन आल्या. टेबलावर ठेवली. आणि आम्ही तिघी तिच्याकडे बघत राहिलो. रुंद लाल फीत जशीच्या तशी. झाकणावरची चिकटपट्टी जशीच्या तशी. बाटली गळ्यापर्यंत भरलेली.

"मी उघडलीच नाही," काकू म्हणाल्या. उजेड मालवला. "ह्यांना मिऱ्याने ठसका लागतो. माझ्या घरात कशातच मिरी नसते." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "म्हणजे ते माझंच होतं. अंडीच असणार. बघ ना, मुलगी आली तर नातवाचं खाणं डब्यात घेऊन येते. बोलत नाही काही, पण आणते. मीही आता कुणाला बोलावत नाही. ह्यांचे साहेब सलाईनवर होते, माझ्या घरी जेवून."

मी गोंधळले. जंतू तोच होता, नवऱ्याच्या पोटातला आणि पोत्यातला. मग मधला दुवा कुठे गेला? मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या टेबलावरच्या बाटलीकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या कपाळावर घाम होता.

खरं सांगायचं तर त्यांनी नुसतं गप्प बसायचं होतं. कुणाला काही कळलं नसतं. मी आणखी चार दिवस डोकं खाजवलं असतं आणि विषय सोडून दिला असता. काकूंना दोष देऊन त्यांच्या घरातून बाटली घेऊन आम्ही निघून आलो असतो आणि काकूंनी जन्मभर ताटल्या उकळल्या असत्या.

सासूबाई म्हणाल्या, "मला जरा पाणी द्या."

काकूंनी दिलं. त्यांनी पेला रिकामा केला, खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं.

"वहिनी, सॅलड."

"काय सॅलड?"

"तुम्ही दाराशी फुलवाल्याशी बोलत होतात. मी आत गेले होते. सॅलड तिथेच होतं, खिडकीपाशी, मोठ्या काचेच्या भांड्यात. मी बघितलं. फिकं दिसलं."

"खाऊन बघितलंस?"

"नाही. नुसतं दिसलं. माझ्या पर्समध्ये कुटलेल्या मिऱ्यांची पुडी होती. साहेबांच्या बायकोला वास दाखवायला नेली होती. मी वरून जरा घातली."

"जरा म्हणजे?" मी विचारलं. धंद्याची सवय. "मूठभर की चिमूटभर?"

"मधलं काहीतरी. पुडी संपली. मग दिसायला नको म्हणून हलवून टाकलं."

काकू सासूबाईंकडे एकटक बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "म्हणून ह्यांना त्या दिवशी ठसका लागला. सगळे जण ह्यांच्या पाठीवर थोपटत होते."

"मीही थोपटत होते," सासूबाई म्हणाल्या.

"आणि नंतर तू माझा फ्रिज धुतलास."

"धुतला."

"माझं लोणी फेकून दिलंस. ताजं होतं ते."

"वास घेऊन बघितला होता. चांगला होता," सासूबाई म्हणाल्या. मी लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून सासूबाईंना माफी मागताना पाहिलं नव्हतं. त्यांनाही सवय नव्हती. त्यांनी हात पुढे केला आणि काकूंच्या सोललेल्या बोटांवर ठेवला. "वहिनी, चुकले मी. सगळीकडून चुकले. माझ्या पोरालाही मीच पाडलं. तुम्ही म्हणाल ते करते."

मला वाटलं, आता काकू त्यांना जवळ घेतील. काकू तशा चांगल्या आहेत. पण त्या माणूसही आहेत. त्यांनी बोटं सोडवून घेतली, उठून शेगडी बंद केली, आतून फोन आणला आणि सासूबाईंसमोर ठेवला.

"धाकटे, हेच सगळ्यांना सांग. मला सांगितलंस तसंच. मी नंबर लावून देते."

"सगळ्यांना?"

"जे जे जेवले त्या सगळ्यांना. पुडी, फुलवाला, हलवून टाकलं, सगळं."

पहिला फोन मुलीला. सासूबाईंनी सुरुवात अडखळत केली, पण पुडीपर्यंत येताना आवाज सापडला. मग माझी नणंद म्हणाली, "काकू, खरंच? अहो, अंडी मी घरून उकडून आणली होती. आदल्या दिवशी उकडली आणि ओट्यावर विसरले. आईला सांगितलंच नव्हतं. मला वाटत होतं माझ्यामुळेच. म्हणून तर पोराचा डबा आणते. आईच्या स्वयंपाकावर नाही, माझा माझ्यावरच विश्वास उरला नाही."

काकूंनी फोन आपल्या हातात घेतला आणि पुन्हा सासूबाईंकडे दिला.

मोठे काका आतल्या खोलीत झोपले आहेत असं आम्हाला वाटत होतं. ते दारात येऊन उभे होते. "मला फोन नको," ते म्हणाले. "मी ऐकलं. त्या दिवशी सकाळी फिरायला गेलो तेव्हा मी गाडीवर तळलेलं खाऊन आलो होतो. मला वाटलं, ही साथ घरात मीच आणली. हिला कसं सांगणार? हिने तळकट बंद केलंय."

"खाल्लंत?" काकूंनी विचारलं.

"दोन वडे," काका म्हणाले आणि पुन्हा आत गेले.

काकूंनी सासूबाईंना माझ्या नवऱ्यालाही फोन करायला लावला. तो ऑफिसात होता. आईने आपली हकिकत सांगितली तेव्हा तो इतका हसला की सासूबाईंनी फोन कानापासून लांब धरला. त्यात माफी होती की नाही ते त्यांना समजेना. "हसतोय," त्या काकूंना म्हणाल्या. "हसू दे," काकू म्हणाल्या. "पुढचा नंबर."

पुढचा नंबर साहेबांचा, आणि तो खरा अवघड. फोन त्यांच्या बायकोने घेतला. सासूबाई उभ्या राहून बोलल्या. सगळं सांगून झाल्यावर पलीकडच्या बाईंनी एक लांब सुस्कारा टाकला.

"अहो, केक आम्ही आणला होता. ह्यांनी दवाखान्यातून आल्यावर बेकरीवाल्याला जाऊन असं झापलंय, असं झापलंय की त्याने घाबरून केक गार ठेवायचं नवं मशीन घेतलं. आता त्याला कोण सांगणार?"

"मी सांगते," सासूबाई म्हणाल्या. तोवर त्यांची भीड चेपली होती. "नंबर द्या."

त्यांनी बेकरीवाल्यालाही फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुमची ऑर्डर काय आहे?" त्याच्याकडे आमची माफी घ्यायला वेळ नव्हता.

फोन संपले तेव्हा दोघी जावा टेबलाशी समोरासमोर बसल्या होत्या आणि बाटली अजून मधेच होती. आधी कोण हसलं ते मी सांगू शकत नाही, मी ती पिशवीत भरायला वाकले होते. वर पाहिलं तर काकू तोंडावर पदर धरून हलत होत्या आणि सासूबाई डोळे पुसत म्हणत होत्या, "मशीन घेतलं हो त्याने, नवं मशीन." इतकी वर्षं एकमेकींना 'छान आहे' म्हणणाऱ्या ह्या बायका अशा हसताना मी प्रथमच पाहिल्या. काका पुन्हा दारात आले आणि काय झालं म्हणून विचारू लागले.

सगळ्या बाटल्या मी प्रयोगशाळेत नेल्या आणि आमच्या वाफेच्या यंत्रात घालून नष्ट केल्या. सासूबाईंनी विचारलं, बाटल्या तरी परत मिळतील का. मिळाल्या. त्या आता रिकाम्या आहेत आणि त्यांत काय भरायचं ह्याचा विचार चालू आहे. मामांच्या दुकानात आता प्रत्येक पोत्याबरोबर वाफवल्याचा दाखला लागतो. मामा तो गिऱ्हाइकाला न मागता वाचून दाखवतात आणि आधी कुणी मूठभर मिरी खाऊन दाखवा म्हटलं, तर विषय बदलतात.

काकूंच्या बोटांना नवी त्वचा आली तेव्हा त्यांनी सगळ्यांना पुन्हा जेवायला बोलावलं. ह्या वेळी मीही गेले. सासूबाईंना काकूंनी खुर्ची दिली ती स्वयंपाकघरापासून सगळ्यात लांबची, आणि त्या जेवण संपेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. नणंदेने नातवाचा डबा आणला नव्हता. साहेब आले, प्रसन्न होते, सगळ्यांशी हात मिळवले, सासूबाईंशीसुद्धा. पण स्वतःचा डबा घेऊन आले होते. काकूंनी तो त्यांच्या हातातून घेतला, आत नेला आणि चांगली वाफ येईपर्यंत गरम करून त्यांच्या पुढ्यात ठेवला.